खाणीतला कॅनरी, तुमचं स्मार्टवॉच आणि जॉन स्कॉट हॅल्डेन

२७ जानेवारी १८९६. वेल्समधल्या ऱ्होंडा खोऱ्यात टायलर्सटाउन नावाचं गाव आहे. तिथल्या कोळसा खाणीत पहाटे स्फोट झाला आणि ५७ माणसं गेली. त्या काळच्या ब्रिटनमध्ये ही फार वेगळी बातमी नव्हती. दर काही महिन्यांनी कुठली ना कुठली खाण उडायची, चौकशी व्हायची, अहवाल यायचा आणि खाण पुन्हा सुरू व्हायची. स्फोट कशामुळे झाला हे शोधायला सरकारी निरीक्षक असायचे. मेलेली माणसं स्फोटाने मेली, यात शोधण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटत नव्हतं.

या वेळी मात्र सरकारने एका पस्तीस वर्षांच्या डॉक्टरला खाली पाठवलं. त्याचं नाव जॉन स्कॉट हॅल्डेन. त्याचा प्रश्न साधा होता: ही माणसं नक्की कशाने मेली?

आपण सॉफ्टवेअरवाले याला रूट कॉज शोधणं म्हणतो. सर्व्हर पडला म्हणजे सर्व्हर पडला, एवढ्यावर थांबायचं नाही. कुठली प्रोसेस, किती वाजता, कुठल्या क्रमाने पडली ते बघायचं. हॅल्डेनने तेच केलं, फक्त त्याच्यापुढे लॉग फाइल नव्हती, मृतदेह होते.

बघताच खटकलं ते असं. बऱ्याच मृतदेहांवर जीव जाईल इतकी मोठी जखम नव्हती. काही जण स्फोटाच्या जागेपासून खूप लांब सापडले होते. आणि मेलेल्या माणसाची त्वचा फिकट किंवा निळसर पडते, तशी ती नव्हती. ती गुलाबी होती. खाणीत कोळशाच्या गाड्या ओढणारे घोडेही मेले होते, त्यांचीही गोष्ट तीच. हॅल्डेनने रक्ताचे नमुने घेतले, तपासले, आणि त्याच वर्षी आलेल्या अहवालात लिहिलं की यातले बहुतेक लोक स्फोटाच्या दणक्याने किंवा आगीने मेलेले नाहीत. ते स्फोटानंतर खाणीत पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने मेले आहेत.

हे वाचून वाटेल, मग काय फरक पडला? मेले ते मेलेच. पण फरक खूप मोठा आहे. स्फोटाने माणूस मेला तर तो त्या क्षणी मेला, मदत कितीही लवकर आली तरी उपयोग नाही. वायूने मेला तर स्फोट आणि मृत्यू यांच्यामध्ये वेळ होता. कधी काही मिनिटं, कधी बराच जास्त. त्या वेळात तो माणूस जिवंत होता, चालत होता, बाहेर पडायचा प्रयत्न करत होता. म्हणजे त्याला वाचवता आलं असतं. खाणीतले मृत्यू नशिबाच्या खात्यातून काढून त्या वेळेच्या हिशोबात आणणं, हे मला हॅल्डेनचं सगळ्यात मोठं काम वाटतं. कॅनरी पक्ष्यामुळे तो प्रसिद्ध आहे, पण कॅनरी नंतर आला.

हा माणूस होता कोण?

हॅल्डेनचा जन्म ३ मे १८६० चा, स्कॉटलंडमधल्या एडिंबरोचा. घरचं बरं होतं, आणि नुसतं बरं नाही, वजनदार होतं. मोठा भाऊ रिचर्ड पुढे ब्रिटनचा युद्धमंत्री आणि लॉर्ड चॅन्सेलर झाला. जॉनने १८८४ मध्ये एडिंबरोतून डॉक्टरकी पूर्ण केली, पण दवाखाना टाकला नाही. त्याला हवेतच रस होता. लोक जी हवा श्वासात घेतात त्यात नक्की काय असतं, हे त्याला मोजायचं होतं.

सुरुवात डंडी शहरातल्या गरीब वस्त्यांपासून झाली. रात्री, माणसं झोपलेली असताना, एकाच खोलीत सात-आठ जण दाटीवाटीने पडलेले असताना, तो आणि त्याचे सहकारी दार वाजवून आत जायचे आणि बाटल्यांमध्ये हवा भरून आणायचे. मध्यरात्री दार उघडून अनोळखी माणसांना हवा नेऊ देणाऱ्या त्या लोकांचंही कौतुक वाटतं. नंतर तो लंडनच्या गटारांमध्ये उतरला. मग ऑक्सफर्डला आला. तिथे त्याचा मामा जॉन बर्डन सँडरसन शरीरशास्त्राचा प्राध्यापक होता. आणि तिथून त्याचं लक्ष खाणींकडे वळलं.

खाणीतल्या वायूंना कामगारांनी आपापली नावं दिलेली होती. त्या नावांमध्ये डॅम्प हा शब्द सगळीकडे येतो. त्याचा ओलीशी काही संबंध नाही. वाफ या अर्थाच्या जर्मन शब्दाशी त्याचं नातं आहे. फायरडॅम्प म्हणजे मिथेन, जो पेट घेतो. ब्लॅकडॅम्प म्हणजे ऑक्सिजन संपलेली, नायट्रोजन आणि कार्बन डायॉक्साइडने भरलेली हवा, ज्यात दिवा विझतो. आणि आफ्टरडॅम्प म्हणजे स्फोटानंतर उरणारं मिश्रण, ज्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. याला आपण पुढे सीओ म्हणू.

मिथेनचं निदान आधीपासून करता येत होतं. हम्फ्री डेव्हीने १८१५ मध्ये जाळी लावलेला सुरक्षित दिवा बनवला होता. हवेत मिथेन असला की त्याच्या ज्योतीभोवती निळसर टोपी दिसायची, आणि त्या टोपीच्या उंचीवरून प्रमाणाचा अंदाज यायचा. ब्लॅकडॅम्पमध्ये ज्योत मंद व्हायची, विझायची. पण जीव घेण्याइतका सीओ हवेत असला तरी दिवा मजेत जळत राहतो. म्हणजे खाणकामगाराच्या हातात असलेला एकमेव सेन्सर नेमका सगळ्यात घातक वायूसाठी आंधळा होता. दिवा जळतोय म्हणजे हवा ठीक आहे, असं समजून माणसं पुढे जायची.

शरीराचा अलार्म वाजत का नाही?

सीओला रंग नाही, वास नाही, चव नाही. पण तेवढंच कारण नाही. नाक-तोंड दाबून धरलं की काही सेकंदांत आपण तडफडतो. मग सीओमध्ये रक्ताला ऑक्सिजन मिळत नसताना तशी तडफड का होत नाही?

याचं उत्तरही पुढे हॅल्डेननेच दिलं. १९०५ मध्ये त्याने आणि जॉन प्रीस्टली या सहकाऱ्याने दाखवून दिलं की आपल्या श्वासाचा वेग मुख्यतः शरीरात साठणाऱ्या कार्बन डायॉक्साइडवर ठरतो, ऑक्सिजनच्या कमतरतेवर नाही. श्वास रोखला की जीव घाबरा होतो तो आत कार्बन डायॉक्साइड वाढतो म्हणून. सीओच्या हवेत आपला श्वास नेहमीसारखा चालू असतो, कार्बन डायॉक्साइड व्यवस्थित बाहेर पडत असतो. त्यामुळे मेंदूला वाटतं सगळं आलबेल आहे. अलार्म आहे, पण तो वेगळ्या गोष्टीला जोडलेला आहे.

इकडे रक्तात काय होतं? लाल पेशींमधलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेतं. सीओ त्याच हिमोग्लोबिनला चिकटतो, आणि ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट. बसमधली सीट एकदा पकडली की उठायचं नाव नाही, असा प्रवासी. हवेत ०.२ टक्के एवढा सीओ असला तरी तासा-दोन तासांत माणसाचा जीव जाऊ शकतो. कष्टाचं काम करत असेल तर त्याहून लवकर, कारण श्वास जोरात चालू असतो.

हे सगळं हॅल्डेनने मोजलं कुणावर? स्वतःवर. टायलर्सटाउनच्या आधीच, १८९५ मध्ये छापलेल्या शोधनिबंधासाठी, तो प्रयोगशाळेत बसून सीओ मिसळलेली हवा श्वासात घेत होता. अधूनमधून बोट टोचून रक्ताचा थेंब काढायचा, तपासायचा, आणि आपल्याला काय होतंय ते लिहायचं. धाप लागतेय, नजर अंधुक होतेय, पाय लटपटतायत, अक्षर बिघडतंय. एका प्रयोगात त्याच्या रक्तातलं निम्म्याहून जास्त हिमोग्लोबिन सीओने व्यापेपर्यंत तो थांबला नाही. यापुढे फार थोडं अंतर उरतं. आजची कुठलीही एथिक्स कमिटी हा अर्ज बघून फाडून टाकेल, आणि तेच बरोबर आहे. पण माणसाला किती सीओने, किती वेळात, काय होतं याचा आकडा त्या वेळी जगात कुणाकडे नव्हता. तो दुसऱ्या कुणावर प्रयोग करून मिळवायचा नाही, एवढं त्याने ठरवलेलं होतं.

रंगाची गंमत, आणि तुमचं घड्याळ

रक्तातला सीओ मोजायची त्याची पद्धत बघा. साधं रक्त पाण्यात खूप पातळ केलं की पिवळसर दिसतं. सीओ भरलेलं रक्त तसंच पातळ केलं की गुलाबी दिसतं. मग साध्या रक्ताच्या नळीत किरमिजी रंगाचं द्रावण थेंबाथेंबाने टाकायचं, दोन्ही नळ्यांचा रंग जुळेपर्यंत. किती थेंब लागले त्यावरून सीओचं प्रमाण. काचेच्या नळ्या, रंग आणि डोळे, बस्स. टायलर्सटाउनच्या मृतदेहांचा गुलाबी रंग बघून त्याला लगेच का समजलं, ते आता कळलं असेल.

आता जरा तुमच्या मनगटाकडे बघा. तुमच्या स्मार्टवॉचमध्ये किंवा कोविडमध्ये घेतलेल्या पल्स ऑक्सिमीटरमध्ये एसपीओटू दिसतं ना? ते यंत्रही रक्ताचा रंगच वाचतं. त्वचेवर लाल आणि इन्फ्रारेड असा दोन प्रकारचा प्रकाश टाकायचा आणि किती परत येतो किंवा आरपार जातो त्यावरून ऑक्सिजन भरलेलं हिमोग्लोबिन किती ते काढायचं. घोळ असा की लाल प्रकाशात सीओ भरलेलं हिमोग्लोबिन जवळजवळ ऑक्सिजन भरलेल्या हिमोग्लोबिनसारखंच दिसतं. दोनच प्रकाश वापरणाऱ्या यंत्राला त्यांतला फरक कळत नाही. म्हणून सीओची विषबाधा झालेला माणूस बेशुद्धीच्या काठावर असताना घड्याळ आरामात ९८ दाखवू शकतं. हॉस्पिटलमध्ये यासाठी रक्ताची वेगळी तपासणी करतात किंवा जास्त तरंगलांबी वापरणारं यंत्र लावतात.

म्हणजे डेव्हीचा दिवा आणि आपलं घड्याळ, दोघांची चूक एकाच जातीची. फॉल्स निगेटिव्ह. धोका आहे, पण रीडिंग म्हणतं नाही.

मग कॅनरी कशाला?

हॅल्डेनच्या प्रयोगात त्याच्याबरोबर तीच हवा घेणारे उंदीरही असायचे. ते त्याच्या कितीतरी आधी लटपटायचे. लहान गरम रक्ताच्या प्राण्याचं शरीर वेगात चालतं, वजनाच्या मानाने तो खूप जास्त हवा आत घेतो, त्यामुळे त्याचं रक्त सीओने लवकर भरतं. यावरून हॅल्डेनने सुचवलं की बचाव पथकाने असा छोटा प्राणी सोबत न्यावा. तो पडला की माणसाच्या हातात अजून थोडा वेळ आहे.

उंदीर चालला असता, पण पक्षी सरस ठरला. पक्ष्याच्या शरीरात हवेच्या पिशव्या असतात, त्यामुळे श्वास घेताना आणि सोडताना दोन्ही वेळा त्याच्या फुप्फुसातून ताजी हवा जाते. शिवाय उंदीर कोपऱ्यात गप्प बसला तर झोपलाय की मरतोय ते कळत नाही. कॅनरी काठीवरून खाली पडतो, अंधुक दिव्यातही दिसतं. १९११ च्या कायद्यानंतर ब्रिटनमध्ये बचाव पथकांकडे असे पक्षी ठेवणं नियमाचा भाग झालं.

इथे एक गैरसमज आहे. कॅनरी मरायलाच नेत, असं आपल्याला वाटतं. तसं नव्हतं. सीओने पडलेला पक्षी वेळेत स्वच्छ हवेत आणला तर लगेच सावरतो. पुढे तर अशा पेट्या निघाल्या ज्यांच्यावर ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर बसवलेला होता. पक्षी पडला की पेटीचं गोल दार बंद करायचं, व्हॉल्व्ह उघडायचा, आणि तो पुन्हा उठून बसायचा. कामगारांचा या पक्ष्यांवर जीव असायचा. ब्रिटिश खाणींनी कॅनरी बंद करून हातातली इलेक्ट्रॉनिक यंत्रं आणायचा निर्णय १९८६ मध्ये घेतला. हो, १९८६. तोपर्यंत पर्सनल कॉम्प्युटर लोकांच्या टेबलावर आलेले होते.

मिथेनचा धडा हॅल्डेनने घरातही दिला. त्याचा मुलगा जॅक लहान असताना तो त्याला खाणीत घेऊन गेला आणि एका जागी उभं राहून शेक्सपिअरच्या ज्युलियस सीझरमधलं अँटनीचं भाषण म्हणायला लावलं. थोड्या वेळात पोराला धाप लागली, पाय गेले आणि तो खाली पडला. खाली पडल्यावर त्याला बरं वाटायला लागलं. मिथेन हवेच्या जवळपास निम्म्या वजनाचा असतो, म्हणून तो छताशी साचला होता. जमिनीलगतची हवा ठीक होती. आपल्याकडे कुणी बापाने हे केलं असतं तर घरात आजीने काय केलं असतं ते सांगायला नको. पण जॅक ते आयुष्यभर विसरला नाही.

सीओचं मात्र तसं नाही. त्याचं वजन हवेएवढंच, त्यामुळे तो वर-खाली कुठेही न साचता सगळीकडे मिसळतो. खाली वाकून सुटका नाही.

माहीत असूनही

१४ ऑक्टोबर १९१३. पुन्हा वेल्स, सेंगहेनिड गाव. स्फोटात आणि त्यानंतर ४३९ खाणकामगार गेले, बचावाला उतरलेला एक जणही गेला. ब्रिटनच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा खाण अपघात. हॅल्डेनचा अहवाल येऊन तेव्हा सतरा वर्षं झाली होती. हवेचा प्रवाह उलटा फिरवता येईल असे पंखे बसवा, असं १९११ चा कायदा सांगत होता, कारण आग लागल्यावर धूर आणि सीओ कुठल्या बाजूला ढकलायचा यावर माणसं जगणार की मरणार ते ठरतं. या खाणीने त्यासाठी मिळालेली मुदतवाढही संपू दिली होती, काम पूर्ण झालेलं नव्हतं. खटला चालला. व्यवस्थापकाला २४ पौंड दंड झाला आणि कंपनीला १० पौंड. आकडा दोनदा वाचला तरी तेवढाच राहतो.

इथे हॅल्डेनच्या विज्ञानाची हद्द दिसते. त्याने काय मारतं ते शोधलं, ते ओळखायचं कसं तेही दिलं. यंत्र विकत घ्यायचं, पंखा वेळेत बसवायचा, काम थांबवायचं की नाही, हे ठरवणारे लोक वेगळे होते.

हॅल्डेनचं बाकीचं आयुष्य मी भराभर सांगतो, नाहीतर एका लेखात मावणार नाही. पाणबुड्यांनी खोलातून वर येताना कुठे किती थांबायचं, याची तक्ती त्याने १९०८ मध्ये बकऱ्यांवरच्या प्रयोगांतून तयार केली. आजच्या डायव्हिंग कॉम्प्युटरमधल्या गणिताचं मूळ तिथे आहे. १९१५ मध्ये जर्मनांनी ईप्रला विषारी वायू सोडला, तेव्हा तो क्लोरीन आहे हे सांगायला त्यालाच बोलावलं, आणि परत येऊन त्याने घरच्या प्रयोगशाळेत तो वायू स्वतःवर घेतला. त्याआधी १९१२ पासून तो डॉनकॅस्टरला खाणींसाठीच्या प्रयोगशाळेचा प्रमुख होता. ही प्रयोगशाळा पुढे बर्मिंगहॅमला गेली. शेवटचा प्रवास पंचाहत्तरीत केला, इराण आणि इराकमधल्या तेल शुद्धीकरण कारखान्यांत कामगारांना उष्माघात का होतो ते बघायला. तिथून परतल्यावर न्यूमोनिया झाला आणि मार्च १९३६ मध्ये ऑक्सफर्डच्या घरी तो गेला.

खाणीत पडलेला तो मुलगा जॅक म्हणजेच जे. बी. एस. हॅल्डेन, जगप्रसिद्ध जीवशास्त्रज्ञ. तो १९५७ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आला, भारताचं नागरिकत्व घेतलं आणि १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरला वारला. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, २८ मे १९६५ ला, तेव्हाच्या बिहारमधल्या धोरी खाणीत कोळशाच्या धुळीचा स्फोट झाला आणि २६८ कामगार गेले. कोळशाची बारीक भुकटी हवेत उडाली की बारुदासारखी पेटते, आणि तिच्या अर्धवट जळण्यातून भरपूर सीओ तयार होतो. तेच आफ्टरडॅम्प.

आज भारतातला बहुतेक कोळसा उघड्या खाणींतून येतो, चंद्रपूर-वणी भागात गेलात तर ते मोठाले खड्डे दिसतील. तिथे धोके वेगळे. पण भूमिगत खाणीत उतरणाऱ्या कामगाराच्या कमरेला आजही एक डबा असतो, सेल्फ रेस्क्यूअर. त्याच्या एका प्रकारात असं रसायन असतं की त्यातून श्वास घेतला की सीओचं कार्बन डायॉक्साइड होतं. बाहेर पडेपर्यंतचा वेळ त्याने मिळतो, म्हणजे १८९६ मध्ये त्या ५७ पैकी बहुतेकांना हवा होता तोच.

आणि खाणीत कधीच न जाणाऱ्या आपल्याला? दर हिवाळ्यात बंद बाथरूममध्ये गॅस गीझर चालू ठेवून कुणीतरी दगावल्याची, किंवा खोलीत शेगडी पेटवून झोपलेलं कुटुंब सकाळी न उठल्याची बातमी येते. वायू हाच. तुमच्या फोनमध्ये सीओ ओळखणारा सेन्सर नाही, त्यामुळे ॲप स्टोअरवर कुणी तसा दावा करत असेल तर ते ॲप फुकट असलं तरी घेऊ नका. घड्याळाचं तर वर सांगितलंच. खरा डिटेक्टर वेगळा मिळतो. त्यात एक छोटा इलेक्ट्रोकेमिकल सेल असतो. सीओ आत शिरला की इलेक्ट्रोडवर त्याची रासायनिक क्रिया होते आणि प्रमाणानुसार बारीक विद्युतप्रवाह वाहतो, तो ठरलेल्या पातळीवर गेला की भोंगा वाजतो. घेताना मागच्या बाजूची तारीख बघा. हा सेल काही वर्षांनी निकामी होतो, आणि बॅटरी नवीन टाकली तरी तो परत जिवंत होत नाही. डोकं दुखतंय, मळमळतंय, आणि घरातल्या सगळ्यांना एकदमच होतंय, असं झालं तर डिटेक्टर शोधत बसू नका. आधी सगळ्यांना घेऊन बाहेर या, मग फोन करा.